लॉकच्या मापाने घडलेली बोट

फ्रान्समध्ये ५ ऑगस्ट १८७९ रोजी एक कायदा संमत झाला. सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या नावाने तो आजही ओळखला जातो. देशातल्या मुख्य जलमार्गांवरचे लॉक एकाच मापाचे असावेत, असे त्या कायद्याने ठरवले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि बोटीला वरच्या किंवा खालच्या पातळीवर पोहोचवायचे. फ्रेसिने यांच्या मापाचा हा हौद सुमारे ३९ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद. त्यात मावेल अशी २५० ते ३५० टन माल नेणारी पेनिश नावाची चपट्या तळाची बोट तयार झाली, आणि उत्तरेकडचा कोळसा कुठेही न उतरवता थेट दक्षिणेकडे जाऊ लागला. रेल्वेशी टक्कर देण्यासाठी केलेली ही व्यवस्था होती. आज त्याच लॉकमध्ये दहा-बारा मीटरची मोटरबोट शिरते. सुकाणूवर निवृत्त शिक्षक असतो आणि दोर हातात घेऊन त्याची बायको नाळेवर उभी असते. माल गेला, माप राहिले. मालवाहतुकीने सोडून दिलेले युरोपातले लहान कालवे आज जिवंत आहेत ते मुख्यतः या हौशी बोटवाल्यांमुळे, असे माझे म्हणणे आहे. त्यांच्या बोटींची घडण आणि गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास हे दोन्ही त्याला साक्ष आहेत.

आधी बोट पाहू. किनाऱ्यालगत वेगाने धावणाऱ्या मोटरबोटीचा तळ असा घडवतात की वेग वाढला की ती पाण्यावर उचलली जाते. कालव्यातली बोट उलट पाणी बाजूला सारत चालते, आणि तिचा वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो. पाण्यात नऊ मीटर लांबी असलेली अशी बोट फार तर ताशी तेरा-साडेतेरा किलोमीटर जाईल. त्यापुढे इंजिन कितीही मोठे बसवले तरी डिझेल जळते आणि लाटा उठतात. फ्रान्सच्या कालव्यांवर वेगमर्यादाच ताशी सहा ते आठ किलोमीटर आहे, त्यामुळे इथल्या बोटीला मोठे इंजिन लागतच नाही. हॉलंडमधल्या कारखान्यांनी या गरजेतून एक वेगळीच जात घडवली: पोलादी, जड, बसक्या बांध्याची. मासब्राख्टमधला लिन्सेन हा १९४९ पासूनचा कारखाना त्यातला नावाजलेला. पोलाद कशासाठी? कारण लॉकच्या दगडी भिंतीला बोट घासणारच, काठाला तळ टेकणारच, आणि पोलादाला पोचा आला तरी तो ठोकून सरळ करता येतो. बोटीच्या दोन्ही बाजूंना माणूस सरळ चालू शकेल एवढी वाट ठेवतात, कारण लॉकमध्ये शिरताना दोर घेऊन पुढून मागे धावावे लागते. बाजूच्या मधोमध एक खुंट असतो. एकाच दोराने बोट भिंतीशी धरून ठेवायला तो उपयोगी पडतो. नाळेत आडवा पंखा बसवतात, म्हणजे वाऱ्याने बोट लॉकच्या तोंडाशी आडवी होत असेल तर नाळ वळवता येते. इंजिन गार ठेवण्यासाठी बाहेरचे पाणी आत घेतले तर शेवाळ अडकते, म्हणून पुष्कळ बोटींत तेच ते पाणी तळाला जोडलेल्या बंद नळ्यांतून फिरवून गार करतात. डोलकाठी बिजागरीवर आडवी होते आणि कित्येक बोटींची पुढची काचही खाली पाडता येते, कारण बोटवाल्याच्या डोक्यात रात्रंदिवस एकच आकडा घोळत असतो: पाण्यापासून छतापर्यंतची उंची. फ्रान्समधल्या मिदी कालव्यावरचे जुने पूल कमानीचे आहेत, मध्ये उंच आणि कडेला खाली. तिथे नुसती उंची पाहून भागत नाही, छताचे खांदे किती रुंद आहेत हेही पाहावे लागते. कापेस्तांगचा पूल तर यासाठी बोटवाल्यांत कुप्रसिद्धच आहे.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, या बोटीत मालकाच्या लहरीचे फार थोडे आहे. ती समुद्रावर मिरवायला केलेली नाही. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशानुसार अडीच ते चोवीस मीटरच्या हौशी बोटींची चार गटांत वर्गवारी होते. शेवटच्या ‘ड’ गटात जेमतेम अर्धा मीटर उंचीच्या लाटांपर्यंतच बोटीची हमी आहे, ‘ब’ गटात चार मीटरपर्यंत. डच कारखाने पुष्कळदा ‘ब’ गटाची बोट करतात, कारण तिला आयसेलमीरसारखे मोठे उघडे पाणीही ओलांडायचे असते. तरी पुलाखालून जाण्याची अट सुटत नाही. बोटीने जलमार्गापुढे नमते घ्यायचे, हा नियम पक्का.

आता इतिहास. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमधले अरुंद कालवे मोडीत निघत होते. टॉम रोल्ट यांचे आपल्या बोटीवरच्या आयुष्याविषयीचे पुस्तक १९४४ मध्ये आले आणि वाचकांना या मरणाऱ्या जलमार्गांची ओळख झाली. १९४६ मध्ये रोल्ट, रॉबर्ट एकमन आणि इतरांनी कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी केली. तिने धरलेला आग्रह साधा होता: कालव्यावर बोटी चालल्या पाहिजेत, तरच तो कालवा राहील. १९६८ च्या वाहतूक कायद्याने कालव्यांची तीन वर्गांत विभागणी केली, आणि त्यातला एक वर्ग सरळ जलपर्यटनाचा होता. म्हणजे विहारासाठी जलमार्ग राखणे हे सरकारने काम म्हणून मान्य केले. ज्यांना ‘उरलेले’ म्हणून बाजूला काढले, त्यांच्यासाठी स्वयंसेवक चिखलात उतरले. केनेट आणि एव्हन कालवा डिव्हायझेसजवळच्या २९ लॉकांच्या उतारासह दुरुस्त होऊन १९९० मध्ये राणीच्या हस्ते पुन्हा खुला झाला. हडर्सफील्डचा अरुंद कालवा २००१ मध्ये, रॉचडेलचा २००२ मध्ये. यांतल्या एकालाही मालवाहतुकीने परत आणलेले नाही. स्वीडनचा योटा कालवा १८३२ मध्ये पुरा झाला. त्याची लांबी १९० किलोमीटर, लॉक ५८. देशाच्या आरपार माल नेण्यासाठी तो खोदला होता, आज तो जवळजवळ संपूर्णपणे पर्यटकांच्या बोटींवर चालतो.

फ्रान्समध्ये हीच गोष्ट वेगळ्या वळणाने घडली. निव्हर्ने कालवा बंद होण्याच्या वाटेवर होता, तेव्हा साठच्या दशकात तिथे भाड्याने बोटी देण्याचा धंदा सुरू झाला आणि कालवा तगला. मिदी कालव्याची कथा अधिक ठसठशीत आहे. पिएर-पॉल रिके यांनी चौदाव्या लुईच्या १६६६ च्या फर्मानानंतर तो खोदायला घेतला. १६८० मध्ये, काम पुरे होण्याच्या थोडे आधी, ते वारले. तूलूजपासून थो सरोवरापर्यंत २४० किलोमीटर, फुगीर भिंतींचे अंडाकृती लॉक, बेझिएजवळचा पायऱ्यापायऱ्यांचा लॉक, मालपासचा बोगदा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथली मालवाहतूक संपली आणि १९९६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले. मधल्या काळात दरवाजे हलते ठेवले ते पर्यटकांच्या बोटींनी. २००६ मध्ये काठावरच्या सुमारे ४२ हजार प्लेन झाडांत बुरशीचा रोग सापडला आणि झाडे हजारोंनी तोडावी लागली, तेव्हा नवी लावण्यासाठी पैसा उभा राहिला, याचे एक कारण हेच की त्या सावलीखालून जाणारे लोक अजून होते.

यावर पहिला आक्षेप नेहमी हा येतो की हा श्रीमंतांचा खेळ आहे आणि खर्च करदात्याच्या माथी बसतो. फ्रान्सचे सुमारे ६,७०० किलोमीटर जलमार्ग सांभाळणारी सरकारी संस्था बोटवाल्यांकडून वार्षिक शुल्क घेते. त्यातून एवढ्या मोठ्या जाळ्याचा खर्च निघत नाही, हे खरे आहे. पण हे पाणी बोटींपुरते नाही. त्यातून शेतीला आणि गावांना पाणी जाते, पुराचे पाणी वाहून नेले जाते, काठच्या वाटेने सायकलवाले जातात. रोज उघडमीट होणारे दरवाजे दुरुस्तीत राहतात. बंद पडलेले कुजतात, आणि मग कालव्यात गाळ नि झुडपे माजतात. श्रीमंतीचे म्हणाल, तर हॉलंडमध्ये पंधरा मीटरहून लांब किंवा ताशी वीस किलोमीटरहून वेगवान बोटीलाच परवाना लागतो. बाकी कुणीही बोट हाकावी. कित्येक बंदरे नगरपालिकांची आहेत. पॅरिसमध्ये बास्तीय चौकाशी असलेला आर्सनाल हा जुना मालाचा धक्का १९८३ मध्ये हौशी बोटींचे बंदर झाला. फ्रान्समधल्या लहान गावांनी चार बोटी लागतील असे धक्के बांधले, पाण्याचा नळ आणि विजेची जोडणी दिली, कारण संध्याकाळी उतरलेला बोटवाला सकाळी गावातल्याच बेकरीतून पाव घेतो. काही डच पुलांवर पूल उघडणारा माणूस दोरीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडतो आणि जाणारा त्यात नाणी टाकतो. हे श्रीमंतांच्या क्लबचे वर्तन नव्हे.

दुसरा आक्षेप पाण्याचा आणि धुराचा आहे, आणि तो मला खरोखर जड वाटतो. फ्रेसिने लॉकमध्ये अडीच मीटरचा उतार असेल तर एका खेपेला सुमारे ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी खाली जाते. २०२२ च्या दुष्काळात फ्रान्सचे कित्येक कालवे बंद करावे लागले. त्यामुळे एका बोटीसाठी लॉक न चालवता तीन-चार बोटी जमेपर्यंत थांबवून ठेवणे, हे सक्तीचे केले तरी योग्यच आहे. डिझेलबाबत मात्र हिशेब आक्षेप घेणाऱ्यांना वाटतो तसा नाही. संथ चालणारी दहा-बारा मीटरची बोट तासाला साधारण दोन ते चार लिटर जाळते. काठ कोसळवणाऱ्या लाटा आणि इंधनाची उधळपट्टी वेगवान बोटींची आहे, आणि माझ्या युक्तिवादात त्या बसत नाहीत. कालव्यांचे रक्षण करणारी बोट संथच असली पाहिजे. वेगवान बोटीसाठी समुद्र आहे.

तिसरे म्हणणे असे की, हौशी बोटींऐवजी मालवाहतूकच परत आणावी. पर्यावरणाच्या दृष्टीने ते आकर्षक आहे, पण ते मोठ्या नद्यांना लागू पडते. सेन नदी उत्तरेकडच्या जाळ्याला जोडणारा १०७ किलोमीटरचा नवा कालवा ४,४०० टनांच्या बोटींसाठी बांधला जात आहे. ३०० टनांची पेनिश त्या स्पर्धेत टिकणार नाही. राईनवर मालबोटींचाच पहिला मान आहे आणि तो असावाच. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेतून जन्मलेल्या राईन आयोगाने आणि १८६८ च्या मानहाइम कराराने ही नदी सर्व राष्ट्रांच्या नौकांना खुली केली. मालबोट निळी पाटी दाखवते तेव्हा एकमेकांच्या उजव्या बाजूने ओलांडायचे, हे हौशी बोटवाल्यालाही पाठ हवे. मोठ्या नदीत तो पाहुणा आहे. लहान कालव्यात मात्र त्याच्याशिवाय दुसरा यजमान उरलेला नाही.

युरोपला जाणारे मराठी प्रवासी पॅरिस आणि स्वित्झर्लंडच्या यादीत हे जलमार्ग बसवत नाहीत. फ्रान्समध्ये भाड्याची बोट चालवायला आधी परवाना काढावा लागत नाही. तळावर थोडे शिकवतात आणि तात्पुरते कार्ड देतात. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, आणि पुष्कळ ठिकाणी लॉकवरचे कर्मचारी दुपारी जेवणासाठी तासभर काम थांबवतात, हे धरून चालावे. जायचे ठरले तर संथ बोट घ्या, गाजलेल्या कालव्याऐवजी निव्हर्नेसारखा लहान कालवा निवडा आणि मुक्काम गावाच्या धक्क्यावर करा.