फरशीवर काय सांडणार आहे?

संगमरवराच्या चकचकीत तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब टाका आणि जरा वाकून बघा. थेंबात अगदी बारीक बुडबुडे उठताना दिसतील. दहा-पंधरा मिनिटांनी थेंब पुसला, की तेवढ्या जागेची चकाकी गेलेली असते. मग कितीही घासा, ती परत येत नाही, कारण तो डाग नसतोच. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबातल्या सायट्रिक आम्लाशी त्याची अभिक्रिया होते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि दगडाचा वरचा थरच विरघळतो.

चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, दह्यात लॅक्टिक, आमसुलात हायड्रॉक्सिसायट्रिक. आमटी, कढी, सोलकढी होणाऱ्या घरात यातलं काही ना काही रोज जमिनीवर सांडतं. म्हणून स्वयंपाकघराची फरशी ठरवताना ‘कशी दिसते?’च्या आधी ‘हिच्यावर काय सांडणार आहे?’ हे विचारायला हवं.

आपल्याकडच्या ओळखीच्या फरश्या या परीक्षेत कशा उतरतात? राजस्थानातला कोटा, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला शहाबाद आणि आंध्रातला काळा कडप्पा हे तिन्ही चुनखडीचेच दगड. जुन्या चाळींतली मोझेक टाइल म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेल्या संगमरवराच्या चिपा. आम्लापुढे ही सगळी मंडळी कमीअधिक प्रमाणात हरतात. तरीही जुन्या घरांतली शहाबादी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण ती जाड होती आणि बहुधा पॉलिश न केलेली, खरबरीत. चकाकीच नव्हती, तर जाणार काय? आजही कोटा किंवा शहाबाद घालायचा असेल, तर आरशासारख्या पॉलिशचा हट्ट सोडलेला बरा.

आम्लानंतरचा शत्रू म्हणजे वाळू. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची १ ते १० अशी श्रेणी मांडली. श्रेणीत वरचं खनिज खालच्यावर ओरखडा पाडतं. संगमरवरातलं कॅल्साइट ३ वर आहे, तर चपलांबरोबर घरात येणारी वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, ७ वर. पायाखाली आलेला वाळूचा एक कणही संगमरवर खरवडू शकतो. ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः फेल्डस्पार (६) आणि क्वार्ट्झ असल्याने तो या झटापटीत टिकतो, आणि लिंबू-चिंचेलाही दाद देत नाही. मात्र त्यालाही सूक्ष्म छिद्रं असतात, त्यामुळे सांडलेलं तेल तो हळूहळू पितो. फिकट ग्रॅनाइटला म्हणूनच सीलर लावावा लागतो.

छिद्रांचा प्रश्न सर्वांत चांगला सोडवला तो विट्रिफाइड टाइलने. माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचं मिश्रण प्रचंड दाबाखाली साच्यात घालून सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलं, की फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि कणांमधल्या फटी बुजवतो. अशी टाइल आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते. भिंतीवर लावायची साधी सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून जास्त शोषते. दुकानातच ताडून बघायचं तर टाइल उलटी करून मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. सिरॅमिक तो बघता बघता पिऊन टाकते, विट्रिफाइडवर तो तसाच राहतो.

मग हळदीचे डाग कुठून येतात? हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. फोडणीचं तेल त्याला घेऊन मिळेल त्या छिद्रात शिरतं, आणि ही छिद्रं टाइलपेक्षा दोन टाइलांमधल्या सांध्यांत जास्त असतात. सिमेंटचा ग्राउट सच्छिद्र असतो, आम्लाने झिजतोही. ओट्यापुढच्या पट्ट्यात तरी इपॉक्सी ग्राउट वापरावा. तो महाग पडतो, पण ना तेल पितो, ना चिंचेच्या कोळाने झिजतो.

चौथी परीक्षा घसरण्याची. जर्मन पद्धतीच्या एका चाचणीत उतरत्या फळीवर टाइल बसवून तिच्यावर तेल ओततात. बूट घातलेला माणूस तिच्यावर चालत राहतो आणि फळी हळूहळू तिरकी करत नेतात. तो कितव्या अंशाला घसरू लागतो, त्यावरून टाइलला आर-९ ते आर-१३ असा दर्जा मिळतो. आर-१० म्हणजे १० ते १९ अंश. आपण स्वयंपाकघरात अनवाणी वावरतो, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. अनवाणी पायांची साबणाच्या पाण्यावरची चाचणी वेगळी आहे. तरी निवडीला दिशा मिळते. ओट्यापुढे ग्लॉसी नको, मॅट घ्या. फार खरबरीतही नको, कारण खाचांत तेलकट मळ बसतो आणि तो निघता निघत नाही.

एवढी पारख करून आणलेली टाइल दोन-चार वर्षांत फुगून वर येते, तेव्हा दोष बहुतेकदा तिच्याखाली असतो. साधं सिमेंट चिकटतं ते समोरच्या छिद्रांत शिरून. विट्रिफाइड टाइलला ती जवळपास नाहीतच. म्हणजे ज्या गुणासाठी तिला पसंत केलं, तोच इथे आड येतो. तिच्यासाठी पॉलिमरयुक्त अडेसिव्ह लागतं. त्यासाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे, ते पिशवीवर बघून घ्यावं. अडेसिव्ह दातेरी थापीने सगळीकडे पसरायचं असतं. चार कोपऱ्यांना आणि मध्ये गोळे थापून टाइल दाबली, तर खाली पोकळी राहते आणि हातातून खलबत्ता निसटला की नेमकी तिथेच टाइल तडकते.

काँक्रीटचा स्लॅब वाळताना पुढे बराच काळ आकसत राहतो. टाइल आकसत नाही, उलट उन्हाने थोडी प्रसरणच पावते. टाइला एकमेकींना खेटून बसवल्या असतील, तर हा ताण जाणार कुठे? एक दिवस मधल्या दोन टाइला आवाज करत तंबूसारख्या उभ्या राहतात. उपाय स्वस्त आहे: स्पेसर लावून दोन-तीन मिलिमीटरचा सांधा, आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली झाकली जाईल एवढी मोकळी फट. ‘बिनसांध्याची फरशी छान दिसते’ असं कोणी म्हणालं, तर ऐकू नका.

काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला ॲसिड मारण्याची पद्धत आहे, तीही थांबवा. हायड्रोक्लोरिक आम्ल ताज्या सांध्यातलं सिमेंट खातं, आणि खाली कोटा असेल तर फरशीचीही खैर नसते.

टाइलच्या चौरस फुटाच्या दरात घासाघीस जरूर करा, पण अडेसिव्ह, ग्राउट आणि चांगल्या मिस्त्रीची मजुरी यांत कात्री लावू नका. आणि मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्याआधी हातात नाणं घेऊन प्रत्येक टाइल चारही कोपऱ्यांत व मध्यभागी वाजवून बघा. जिथे पोकळ आवाज येईल, ती टाइल त्याच्यासमोरच काढून पुन्हा बसवून घ्या. भांडीकुंडी मांडून झाल्यावर हे काम कोणी करून देत नाही.