पॉप-अप रोधक
महाजालावरील पृष्ठ पाहत असताना वापरकर्त्याने मागणी केलेली नसताही आपोआप उघडणाऱ्या स्वतंत्र खिडकीस ‘पॉप-अप’ म्हणतात. अशा खिडक्यांना प्रतिबंध करणारी ब्राउझरमधील योजना म्हणजे पॉप-अप रोधक होय.

इतिहास : १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने जावास्क्रिप्ट ही भाषा जाहीर केली. तिच्यामुळे पृष्ठातील आज्ञावलीस नवी खिडकी उघडण्याचे सामर्थ्य प्राप्त झाले. त्याच दशकात ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळासाठी काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी पॉप-अप जाहिरातीची आज्ञावली लिहिली. आक्षेपार्ह मजकुराच्या पृष्ठावर आपली जाहिरात झळकल्याबद्दल एका मोटार कंपनीने नाराजी व्यक्त केली होती. जाहिरात वेगळ्या खिडकीत दाखविल्यास तिचा पृष्ठाशी संबंध जोडला जाणार नाही, असा यामागील विचार होता. पुढे या तंत्राचा अतिरेक झाला. २०१४ मधील एका लेखात झुकरमन यांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सेवा-संचाबरोबर इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये रोधक समाविष्ट झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्स १.० मध्येही तो होता.

कार्यपद्धती : खिडकी उघडण्याची आज्ञा कोणत्या प्रसंगी दिली गेली, हे रोधक तपासतो. वापरकर्त्याने दुवा वा बटण दाबल्यानंतर लगेच आलेली आज्ञा सामान्यतः मान्य केली जाते. पृष्ठ उघडताच किंवा काही काळाने आपोआप आलेली आज्ञा नाकारली जाते. मात्र खिडकीतील मजकूर उपयुक्त आहे की निरुपयोगी, हे रोधकास कळत नाही. त्यामुळे बँकेचे व्यवहार, शुल्काचा भरणा, पावती किंवा प्रवेशपत्राची छपाई इ. कामांसाठी लागणारी खिडकीही कधीकधी अडविली जाते आणि काम अर्धवट राहते.

नियंत्रण : खिडकी अडविली गेल्यास क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत चिन्ह दिसते, तर फायरफॉक्समध्ये पृष्ठाच्या वर सूचना येते. तेथूनच त्या संकेतस्थळास अनुमती देता येते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता व सुरक्षितता या विभागातील साइट सेटिंग्जखाली अनुमत आणि प्रतिबंधित संकेतस्थळांच्या याद्या ठेवता येतात. फायरफॉक्समध्ये अपवादांची यादी असते. मॅक संगणकावरील सफारीत प्रत्येक संकेतस्थळासाठी ‘अडवा व कळवा’, ‘अडवा’ आणि ‘अनुमती द्या’ यांपैकी एक पर्याय निवडता येतो.

रोधक पूर्णपणे बंद करण्यापेक्षा विश्वासार्ह संकेतस्थळापुरता अपवाद करणे श्रेयस्कर ठरते. अपवाद करण्यापूर्वी पत्त्याचे अक्षरलेखन तपासावे. कारण नामसादृश्याचा आधार घेऊन बनावट संकेतस्थळे तयार केली जातात. भरणा चालू असताना खिडकी अडविली गेल्यास रक्कम खात्यातून वजा झाली आहे किंवा कसे, याची खात्री करूनच पुन्हा प्रयत्न करावा.

मर्यादा : पृष्ठाच्याच भागावर आच्छादनाप्रमाणे येणारी चौकट ही स्वतंत्र खिडकी नसल्यामुळे रोधकास ती अडविता येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात येणाऱ्या सूचनांची अनुमतीही निराळी असते. ती स्वतंत्रपणे रद्द करावी लागते. ‘संगणकास विषाणूची बाधा झाली आहे’ असे सांगून दूरध्वनी करण्यास लावणाऱ्या फसव्या चौकटी याच मार्गांनीही येऊ शकतात. अशा वेळी त्यांतील क्रमांकावर संपर्क न साधता ती खिडकी किंवा ब्राउझर बंद करणे इष्ट असते.