हेवी मेटल अल्बमची जडणघडण आणि मुंबईतील 'दशावतार' : एक विवेचन

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात हार्ड रॉक व हेवी मेटल या प्रवाहांचे स्थान महत्त्वाचे आहे. विद्यापीठीय युवक महोत्सवांत पाश्चात्त्य गायन व समूहगान हे कलाप्रकार सादर होत असले, तरी परभणीसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयीन वर्तुळात या संगीताकडे 'केवळ गोंगाट' म्हणूनच पाहिले जाते. हा समज कितपत खरा आहे, हे तपासण्याच्या दृष्टीने प्रस्तुत लेखात या संगीताची घडण व मुंबईतील निवडक अल्बम यांचा विचार केला आहे.

ध्वनीची घडण :
१३ फेब्रुवारी १९७० रोजी 'ब्लॅक सबाथ' या इंग्लिश गटाचा त्याच नावाचा पहिला अल्बम प्रकाशित झाला. हेवी मेटलचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो. हा गट बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातील होता. त्यातील गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात तुटली होती. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचे काम नेमके याच हाताचे होते. त्यांनी बोटांना टोपणे बसविली, हलक्या तारा वापरल्या आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या अल्बममध्ये तारा सैल करून स्वर खाली उतरविला. या संगीताचा गडद खर्ज असा एका कामगाराच्या दुखापतीशी जोडलेला आहे.

ध्वनिवर्धकाला त्याच्या क्षमतेपेक्षा प्रबळ संकेत दिला असता ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात आणि स्वर खरखरीत व दीर्घकाळ टिकणारा होतो. अशा ध्वनीत षड्ज, गंधार व पंचम एकत्र वाजविल्यास नाद गढूळ होतो. म्हणून वादक गंधार वगळून केवळ षड्ज-पंचमाची जोडी वाजवितो. तिला 'पॉवर कॉर्ड' म्हणतात. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला ही जोडी परकी वाटण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो मोठ्या आवाजाचा. परंतु परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांच्या परंपरेतील संबळ ज्यांनी जवळून ऐकले आहे, त्यांना वाद्याचा दणदणाट हाही आवाहनाचा एक प्रकार असू शकतो, हे वेगळे सांगावे लागू नये.

मुंबईतील अल्बम :
१९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'रॉक मशीन' या गटाने परकीय गीतांच्या अनुकरणावर न थांबता १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' व १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे स्वरचित गीतांचे अल्बम काढले. पुढे १९९३ मध्ये गटाने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले. १९८६ पासून भरू लागलेल्या 'इंडिपेन्डन्स रॉक' महोत्सवाने अशा गटांना श्रोते मिळवून दिले.

अधिक अभ्यसनीय उदाहरण 'डेमॉनिक रेझरेक्शन' या गटाचे आहे. साहिल माखीजा यांनी २००० मध्ये मुंबईत सुरू केलेल्या या गटाचा 'दशावतार' हा अल्बम २०१७ मध्ये आला. त्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक, अशी क्रमाने रचलेली इंग्रजी गीते आहेत. विकृत गिटारध्वनी व घशातून काढलेली गुरगुरती गायकी यांच्या जोडीला भारतीय वाद्येही येतात. नरसिंह, परशुराम यांसारख्या उग्र अवतारांना ही शैली सहज पेलते.

नववे गीत मात्र बुद्धावर आहे. येथे अल्बमने पुराणातील प्रचलित यादी आहे तशी स्वीकारलेली दिसते. महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न इतका सोपा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याची समजूत स्पष्टपणे नाकारते. दुसरीकडे, महाराष्ट्रातील काही जुन्या चित्रांत व पंचांगांत नवव्या स्थानी विटेवरचा विठ्ठल उभा असतो. मराठी, इतिहास व संगीत या तिन्ही विभागांच्या वर्गात हे एकच गीत या दोन संदर्भांसह ऐकविता येण्यासारखे आहे.