हनौमा येथील प्रवालोद्यान

समुद्रास आपल्या पूर्वजांनीं रत्नाकर म्हटलें. परंतु त्याच्या उदरांतील वैभव पाहावयाचें तर पाणबुड्याचीच विद्या हवी, असा सर्वसाधारण समज आहे. हवाई द्वीपसमूहांतील ओआहू बेटावर, होनोलुलू नगराच्या पूर्वेस, हनौमा नांवाचा उपसागर आहे. तेथें हा समज टिकत नाहीं. एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखाची कड समुद्रानें फोडली, आंत पाणी शिरलें, आणि त्या उथळ पाण्यांत पोवळ्यांचा खडक वाढला. डोळ्यांवर कांचेचा मुखवटा व तोंडांत श्वासाची वांकडी नळी, एवढ्या साहित्यानिशीं पालथें तरंगत हें सारें पाहतां येतें. यासच स्नॉर्केलिंग म्हणतात.

खडक म्हटला तरी तो निर्जीव नव्हे. असंख्य चिमुकले जीव चुन्याचीं घरें बांधून तेथें एकत्र नांदतात. त्यांच्या देहांत सूक्ष्म शैवाल राहतें; तें सूर्यप्रकाशावर अन्न सिद्ध करून यजमानास देतें, व यजमान त्यास आसरा देतो. पाणी फार तापलें म्हणजे हा संसार मोडतो, शैवाल निघून जातें आणि पोवळें पांढरें पडतें. २०१४ व २०१५ सालीं हवाईंत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. आपल्या सौभाग्यालंकारांतलें तांबडें पोवळें याचेंच दूरचें नातलग. मात्र तें बहुधा भूमध्य समुद्रांतून येतें व त्याची जात निराळी.

१९६७ सालीं हा उपसागर संरक्षित करून तेथील मासेमारी थांबविण्यांत आली. मासे निर्भय झाले. मग त्यांस पाहण्यास लोक लोटले. १९८० नंतरच्या दशकांत कांहीं दिवशीं दहा हजारांपर्यंत माणसें येत. कोणी माशांस पाव चारी, कोणी पोवळ्यांवर उभें राहून विश्रांति घेई. धीवरांपासून जें वांचविलें, तें दर्शनार्थ्यांनीं तुडविलें! कांहीं जातींचीं पोवळीं वर्षाकाठीं जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात; टांचेखालीं क्षणांत मोडलेलें भरून येण्यास कित्येक वर्षें लागतात.

१९९० पासून गर्दीवर बंधनें आलीं. २००२ सालीं शिक्षणकेंद्र उघडलें, व नवागतांनीं प्रथम तेथील बोधपट पाहावा असा नियम झाला. २०२० सालीं महामारीमुळें उपसागर कांहीं महिने बंद राहिला, तेव्हां पाणी अधिक निर्मळ झालें. आतां आठवड्यांतून दोन दिवस त्यास विश्रांति असते. पोवळ्यांस अपायकारक मानलेलीं दोन रसायनें असणाऱ्या ऊन-निवारक मलमांची खुली विक्रीहि हवाईंत १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

ज्यांचे लेक-सून अमेरिकेंत आहेत, अशा आमच्या वाचकांस तेथें जाण्याचा योग येईल. त्यांनीं एकट्यानें पाण्यांत उतरूं नये, दम लागतांच परतावें, आणि पाय टेकावयाचे ते वाळूवरच. हीच शिस्त घरींहि उपयोगाची आहे. कारण मालवणच्या समुद्रांतहि पोवळीं आहेत, व १९८७ सालींच तेथें सागरी अभयारण्य घोषित झालें आहे. गाभाऱ्यांतील मूर्तीचें दर्शन आपण उंबरठ्याबाहेरून घेतों, म्हणून भक्ति उणी होत नाहीं. रत्नाकराच्या दारींहि तोच आचार पाळावा.