लहान कुत्र्यांचे दात

उज्जैनच्या कालभैरवाचे वाहन श्वान. त्यामुळे कुत्र्याला घास घालणे हे पुण्यकर्म होय, अशी तेथील अनेक भाविकांची श्रद्धा आहे. परंतु घास ज्या मुखात पडतो, त्यातील दातांकडे लक्ष क्वचितच जाते. घरात पाळलेल्या पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांना ही उपेक्षा विशेष बाधते.

मोठ्या कुत्र्याप्रमाणे लहान कुत्र्यालाही ४२ दात असतात; जबडा मात्र इवलासा. दातांच्या दाटीत अन्नकण अडकतात. सात महिने उलटले तरी दुधाचे काही दात न पडणे, हाही लहान जातींत वारंवार आढळणारा दोष होय. दातांवर जमणारा जंतूंचा चिकट थर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच कठीण होतो. हेच कीटण. पुढे हिरड्या सुजतात, दातांभोवतीचे हाड झिजते आणि प्रसंगी क्षुल्लक धक्क्यानेही खालचा जबडा मोडतो.

चघळण्याने दाढा काही अंशी स्वच्छ होतात, हे खरे. पुढच्या दातांना मात्र त्याचा लाभ अल्पच. कठीण हाडाने तर दाढ तडकण्याचे भय असते. नखाने दाबता खूण उमटत नाही, अशी वस्तू चघळावयास देऊ नये.

खरा उपाय म्हणजे मऊ ब्रशाने रोज दात घासणे. त्यासाठी कुत्र्यांकरिता बनविलेली पेस्टच वापरावी. माणसांची पेस्ट कुत्रे गिळून टाकते व ती त्यास अपायकारक असते. साचलेले कीटण पशुवैद्याकडून भुलीखाली काढवून घ्यावे.

तोंडाची दुर्गंधी हा कुत्र्याचा स्वभावधर्म नव्हे. ती मुक्या जिवाची तक्रार होय.