अंगणातले मोर कुठे जातात?

शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली या गावात मोर शेतात, अंगणात दाणे टिपायला येतात. इतरही अनेक गावांत असे मोर दिसतात. ते पाळलेले नसतात. आपल्या मर्जीने येतात. मग एखादे दिवशी ते येईनासे होतात. असे का व्हावे?

पावसाळ्यात लांडोर दिसेनाशी झाली, तर बहुधा काळजीचे कारण नसते. झुडपाच्या आडोशाला, जमिनीवरच ती ४ ते ६ अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस उबवते. तिला शोधायला जाऊ नये. आपल्या मागोमाग कुत्रेही घरट्यापाशी पोचते. पावसाळा सरताना मोराचा पिसारा गळतो. मग तोही फारसा समोर येत नाही.

मात्र सारा थवाच नाहीसा झाला, तर कारण शोधायला हवे. मोर रात्री उंच झाडावर झोपतात. ते झाड तोडले, की त्यांचा निवाराच जातो. मोकाट कुत्री आणि आटलेले पाणवठे हीही कारणे आहेत. पेरणीच्या वेळी कीटकनाशक चोळलेले बियाणे उघडे राहिले, तर ते टिपून मोर दगावतात.

मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी ठरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे वा मारणे हा गुन्हा आहे. आपण एवढे करावे : बियाणे मातीआड नीट झाकावे, उन्हाळ्यात पाण्याचे भांडे भरून ठेवावे, मेलेला मोर आढळल्यास वन खात्याला कळवावे आणि त्यांच्या रात्रीच्या झाडावर कुऱ्हाड पडू देऊ नये.