तीन आकडी वजन, अल्टोची सीट

वजन तीन आकडी आणि गाडी अल्टो, अशी जोडी पुण्यात भरपूर दिसते. गाडी घेताना माणूस सडपातळ असतो आणि हप्ते फिटेपर्यंत अंग धरतो. कधी गाडी वडिलांनी वापरून मुलाला दिलेली असते आणि मुलगा निघतो बापाच्या दीडपट. त्यातलाच मी एक. कंबर बोलायला लागली तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्याने सीट बदलायला सांगितली. स्पेअर पार्टवाल्याचा सल्ला सोपा होता.

आपल्या मापाची सीट शोधू लागलं की बाजार दोन गोष्टी पुढे करतो. पहिली म्हणजे बकेट सीट. शर्यतीत वळणावर ड्रायव्हर हलू नये म्हणून तिच्या दोन्ही कडा उंच असतात. बारीक माणसाला ती कुशीत घेते, आमच्यासारख्याला चिमटीत पकडते. दुसरी म्हणजे एखाद्या मोठ्या गाडीतून काढलेली जुनी सीट. दुकानाच्या फुटपाथवर ती भलती ऐसपैस दिसते. पण अल्टोची बाहेरून बाहेर रुंदी १४९० मिलिमीटर, पाच फूटसुद्धा नाही. जपानमध्ये छोट्या गाड्यांचा ‘केई’ नावाचा वेगळा वर्ग आहे आणि १९९८पासून त्यात रुंदीची मर्यादा १.४८ मीटर आहे. आपली अल्टो मुळात त्याच घराण्यातली. एवढ्या जागेत दोन दारं, दोन सीटा आणि मधे हँडब्रेक. तिथे परकी सीट घातली की हँडब्रेकपाशी हात शिरत नाही, बेल्टचं बक्कल फटीत गडप होतं आणि दार सीटला घासायला लागतं.

शिवाय खालच्या रेलची भोकं जुळत नाहीत. मग कोणी पत्र्याला नवी भोकं पाडतो, कोणी पट्टी वेल्ड करून देतो. हे मला अजिबात पटत नाही. टक्कर झाली की सीटवर माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ येते, आणि बऱ्याच गाड्यांत बेल्टचं बक्कल सीटच्याच सांगाड्याला जोडलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करायला मनाईही आहे.

मी ज्यांच्याकडे पोचलो ते मिस्त्री सीटा विकत नाहीत, आहे ती सीट उघडून दुरुस्त करतात. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, “साहेब, आधी गाडीत बसा. गादीचं मग बघू.” मी बसलो. त्यांनी माझी मांडी आणि सीटची कड यांच्यामध्ये तळहात सरकवून पाहिला, शिरला नाही. मग क्लच दाबायला लावला, सोडायला लावला, पुन्हा दाबायला लावला. डाव्या मांडीखाली कड कुठे रुततेय तिथे खडूने रेघ मारली. पाठीला खांद्याखाली दोन्ही बाजूंना अशाच रेघा. मापाची पट्टी काही त्यांनी हातात घेतली नाही.

चार बोल्ट निघाले आणि सीट बाकड्यावर उताणी झाली. काही नव्या गाड्यांत सीटमध्येच बाजूची एअरबॅग असते, तिची वायर पिवळ्या कनेक्टरची. तसली सीट ते बॅटरी सोडवल्याशिवाय हातात घेत नाहीत, आणि तिच्यावर दुसरं कव्हरही चढवून देत नाहीत, कारण पिशवी कव्हरची ठरावीक शिलाई फाडूनच बाहेर येते. माझी गाडी जुनी, तो प्रश्न नव्हता. खालच्या बारीक रिंगा पकडीने तोडून त्यांनी कव्हर सोलून काढलं. आत साच्यातून काढलेला अखंड फोम होता. उजवी कड भुगा होऊन बसली होती आणि आतली तार उघडी पडली होती. “उतरताना तुम्ही हिच्यावर सगळा भार देता,” मिस्त्री म्हणाले. “जाड माणसाची उजवी कड आधी जाते. डावी बघा, नवीनच आहे.”

नवीन होती म्हणूनच ती रुतत होती. लांब पातीने त्यांनी ती आतल्या अंगाने तासायला घेतली, एका वेळी जेमतेम बोटभर. बाहेरचा आकार तसाच ठेवला, म्हणजे मूळ कव्हर पुन्हा चढेल. पुढचा डावा कोपरा क्लचच्या पायासाठी गोल केला. उजव्या कडेचा भुगा काढून तिथे रिबॉन्डेड फोम चिकटवला. फोमच्या चुऱ्याचा दाबून केलेला हा फोम कडक असतो, बसायला वाईट, पण कडेला टिकतो. बैठकीचा मागचा भाग माझ्या वजनाने दबून मांड्या अधांतरी राहत होत्या. तिथे ४० डेन्सिटीचा पातळ थर घातला. मला अजून जाड थर हवा होता. त्यांनी मान हलवली. बैठक वर आली की डोकं छताला लागतं आणि स्टिअरिंग मांडीवर येतं. मेमरी फोमबद्दल विचारलं, तर उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडतो म्हणून नको म्हणाले.

मग उघड्या फोमवरच, दुधाच्या पिशवीसारखं पातळ प्लास्टिक टाकून, सीट गाडीत ठेवली आणि मला बसवलं. लगेच उठू दिलं नाही. फोम दबायला वेळ लागतो, पहिल्या मिनिटाचं सुख खोटं असतं, असं त्यांचं म्हणणं. थोड्या वेळाने डाव्या खुब्याला टोचायला लागलं. सीट पुन्हा बाकड्यावर, पुन्हा पाती. कव्हर चढलं तेव्हा बाहेरून काही बदलल्यासारखं वाटतही नव्हतं. सगळं काम एका टायरच्या किमतीत झालं.

बेल्ट टोचतो म्हणून आमच्यातले बरेच जण बक्कलात नुसती क्लिप खुपसून बझर गप्प करतात. सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाल्यावर केंद्र सरकारने या क्लिपांची ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितलं, आणि ते योग्यच झालं. बेल्ट नीट बसत नसेल तर दोष बऱ्याचदा बैठकीत असतो.

तेव्हा सीट करून घ्याल तर पैसे देण्याआधी बेल्ट लावून बघा. बक्कल न बघता हाताला लागलं पाहिजे आणि पट्टा पोटावरून न जाता खाली कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. १ जुलै २०१९नंतरच्या नव्या गाड्यांत ड्रायव्हरसमोर एअरबॅग सक्तीची आहे, म्हणून छाती आणि स्टिअरिंग यांच्यात २५ सेंटिमीटर अंतर हवं; म्हणजे वीतभर आणि वर दोन बोटं. तेवढं नसेल तर फोम पुन्हा काढायला लावा. मिस्त्री कुरकुर करतील, पण काढून देतील.